उसवलं, फाटलं की विरलं?

कपडा हातात घेतल्यावर सुईआधी शब्द नेमका लावावा, कारण आपण सगळ्यालाच ‘फाटलं’ म्हणून मोकळे होतो. शिवणीचा दोरा सुटला तर कपडा उसवला. कापडाचेच धागे तुटले तर फाटला. झिजून नुसती जाळी उरली तर विरला. तिन्हींचा इलाज वेगळा.

उसवलेलं सगळ्यांत सोपं. 2 सेंमी अलीकडच्या शाबूत शिवणीवरून टीप सुरू करा आणि पलीकडेही तेवढीच न्या. लोंबणारा दोरा ओढू नका, शिवण आणखी उसवत जाते.

फाटल्यावर रफू. दोरा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून उपसला तर रंग जुळवत बसावं लागत नाही. एकेरी दोरा, हातभर लांब, गाठ न मारता. कपडा उलटा करून फाटल्या जागेच्या 1 सेंमी बाहेरून उभे धागे भरा, मग त्यांतून एक खाली एक वर असे आडवे विणा. प्रत्येक वळणावर दोरा किंचित सैल सोडायचा. बहुतेकांचं रफू इथेच बिघडतं: ताणून भरलेला दोरा धुतल्यावर आटतो आणि तिथे चुणी पडते. खिळ्याला अडकून काटकोनात फाटलं असेल तर आधी कोपरा भरा, मग दोन्ही बाजू.

विरलेलं कापड उजेडासमोर धरा. जाळी दिसते त्याच्याही पुढे, शाबूत भागावर चहूबाजूंनी 2 सेंमी चढेल एवढं ठिगळ हवं. विरल्यापुरतंच कापलं तर टाके पुन्हा विरलेल्याच कापडात पडतात आणि पहिल्याच ताणाला ठिगळाच्या कडेनं चर्रकन फाटतं. कोरं किंवा जाड कापड नकोच. त्याच पोताचं जुनं घ्या, उभे धागे उभ्यांना जुळवा, कोपरे गोल कापा म्हणजे उचकटत नाहीत.

चादर मधोमध विरली असेल तर ठिगळापेक्षा दंड, म्हणजे दोन तुकडे जोडणारी शिवण, बरा. चादर मधून उभी कापा, बाहेरचे दोन्ही काठ मध्ये आणून जोडा, विरलेल्या कडा दुमडून शिवा. पूर्वी लुगड्याचा विरलेला भाग काढून टाकत आणि उरलेले दोन तुकडे असाच दंड घालून जोडत. जोड चपटा ठेवा. जाड झाला तर अंगाला टोचतो.

दंडही धरेना, तर ते जुनेर गोधडीच्या आतल्या थराला द्या. फाटून लोंबतं ते लक्तर (वेशीवर टांगतात ती लक्तरंच), सुटा तुकडा ती चिंधी. पोतेऱ्याला मात्र सुतीच चिंध्या ठेवा. नायलॉन पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं.