नाशिक जिल्ह्यात शाळा-अंगणवाडी तपासणीच्या कामात यायचंय?

आधी पद ठरवा. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा; हे पद जिल्हा परिषदेच्या शिक्षकांमधूनच भरतात. बाहेरच्यांनी त्याच्या नादी लागू नये. गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्याचा शिक्षणप्रमुख, व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणजे मुख्यसेविका, त्यासाठी पदवी हवी आणि हे पद महिलांसाठीच. जाहिरात नाशिक जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येते.

अर्जापूर्वी नियम पाठ करा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. वर्षाला किमान २०० दिवस नि ८०० तास. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम.

खरी तपासणी शाळेत पोचल्यावर असते. हजेरीपट आधी पाहू नका. डोकी मोजा, मग पट, मग तांदळाची नोंदवही. तिन्ही आकडे जुळत नसतील तर कोठीतला तांदूळ तोलूनच घ्या. अंगणवाडीत वजनकाटा रिकामा असताना शून्यावर आहे का बघा, नाहीतर सगळी वजनं चुकतात. मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. फीत घट्ट ओढली की आकडा खोटा येतो.

सुरगाणा, पेठ या दुर्गम तालुक्यांची तयारी ठेवा. पावसाळ्यात तिथे दिवसाला दोन शाळा झाल्या तरी पुष्कळ.