स्टिरिओवरून रेकॉर्ड करताना आवाज फाटत होता, शेवटी जमलं

जुन्या कॅसेट पीसीवर घ्यायच्या होत्या, पण रेकॉर्डिंग ऐकलं की आवाज फाटलेला आणि दोन्ही कानांत एकसारखा, म्हणजे मोनो. केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला, व्हॉल्यूम कमी केला तर नुसती खरखर. दोन रविवार डोकं उठलं.

चूक अशी की मी स्टिरिओच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून गुलाबी माइक जॅकला लावलेली, तो इनपुट काही मिलिव्होल्टच्या कमजोर सिग्नलसाठी असतो, म्हणून आवाज फाटत होता.

आता जे चाललं ते. स्टिरिओ आणि पीसी दोन्ही बंद केलं, स्टिरिओच्या मागे टेप आउटला लाल-पांढऱ्या आरसीए पिना आणि दुसऱ्या टोकाची ३.५ मिमी पिन पीसीच्या निळ्या लाइन इनमध्ये. स्पीकरची वायर चुकूनही लावू नका, साउंड कार्ड जाईल. मग विंडोजमध्ये साउंड, रेकॉर्डिंग टॅब, रिकाम्या जागी राइट क्लिक करून शो डिसेबल्ड डिव्हायसेस, लाइन इन तिथे लपून बसलं होतं! एनेबल केलं, डिफॉल्ट केलं आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आसपास येईल एवढी लेव्हल ठेवली, स्टिरिओचं व्हॉल्यूम बटण फिरवून इथे काही फरक पडत नाही. थोडी घूं राहिलेली, ती दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यावर गेली.