टाहोतलं घर: हिवाळ्याचं सरपण कसं घ्यावं, अस्वलांना बाहेर कसं ठेवावं

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, म्हणजे बे एरियात राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींची बर्फाची हौस डोंगरातल्या लेक टाहो या तळ्याकाठी भागते. काहींनी तिथे घर घेतलंय, काही जण मिळून अख्ख्या हंगामासाठी भाड्याने घेतात. शेगडीच्या लाकडांची आठवण मात्र नोव्हेंबरात होते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मे-जूनमध्येच घ्या. पाइन किंवा फरचं फोडलेलं लाकूड वाळायला साधारण सहा महिने लागतात, ओकला वर्षभर किंवा जास्त. दुसरं कारण अस्वलांचं. थंडीच्या झोपेआधी, शरद ऋतूत, काळं अस्वल दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकतं. (नावाने काळं, रंगाने बरीचशी तपकिरी असतात.) त्या दिवसांत गॅरेज सताड उघडं टाकून अंगणात लाकडं रचत बसणं म्हणजे पंगतीचं आमंत्रणच.

मापून घ्या. फसवणूक होते ती इथे. कॅलिफोर्नियात जळाऊ लाकडाचं माप म्हणजे कॉर्ड: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब, घट्ट रचलेली, १२८ घनफूट. 'एक ट्रक' हे माप नव्हे. साध्या पिकअपचा आठ फुटी हौदा कडांपर्यंत भरला तरी फार तर अर्धी कॉर्ड होते. 'फेस कॉर्ड' म्हणून १६ इंची तुकड्यांची ४ बाय ८ फुटांची एकच ओळ मिळते, ती कॉर्डच्या फक्त एक तृतीयांश. तशा तीन ओळी झाल्या की कॉर्ड पूर्ण. पावतीवर विक्रेत्याचं नाव-पत्ता, माप आणि किंमत हवीच. लाकूड आलं की रचा, टेपने मोजा, फोटो काढा. कमी भरलं तर एकही तुकडा न जाळता काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) वजन-माप खात्याकडे तक्रार करा. जळालेलं लाकूड कोण मोजणार?

ओल तपासा. टोकांना भेगा पडलेल्या असाव्यात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यावा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ओल मोजणारा मीटर. एक तुकडा फोडून आतल्या ताज्या बाजूवर तो टेकवा. आकडा २० टक्क्यांखाली हवा. ओलं लाकूड धुमसतं, धुराड्यात चिकट काजळी धरते आणि तीच पुढे पेट घेते. धुराडं दरवर्षी साफ करून घ्याच.

लाकूड जवळपासचंच घ्या. दुरून आणलेल्या ओंडक्यांतून झाडं पोखरणारे किडे नव्या जंगलात पोचतात.

रचताना वणवा आणि अस्वल दोन्ही डोक्यात ठेवा. ढीग घरापासून किमान ३० फूट लांब असावा आणि त्याच्याभोवती १० फूट जमीन मोकळी असावी. बर्फ पडू लागला की दोन-चार दिवसांपुरतं सरपण दाराशी आणायला हरकत नाही. सुक्या लाकडात अस्वलाला रस नसतो, पण कुजक्या ओंडक्यातल्या मुंग्या आणि अळ्यांसाठी ते ढीग उसकटतं. म्हणून कुजकं लाकूड बाजूला काढा.

उरलेली कामं घ्राणेंद्रियाची. अस्वलाचं नाक आपल्या कल्पनेपलीकडे तीक्ष्ण असतं. कचरा बेअर बॉक्समध्ये, म्हणजे कडी लागणाऱ्या लोखंडी कपाटात टाका. गाडीत काही खायचं ठेवू नका. दिवाळीच्या सुमारास गेलात तर फराळाचे डबे आधी उतरवा. गाडीची दारं लॉक करा, कारण खटक्याचं हँडल अस्वलांना उघडता येतं. घराखालच्या पोकळीचं तोंड थंडीआधी बंद करा, पण आत कोणी नाही ना हे पाहून! तिथे अस्वलं मुक्कामाला येतात. आणि टाहोतली सगळीच अस्वलं हिवाळाभर झोपत नाहीत. खाणं मिळत राहिलं तर ती जागीच असतात.

घरात अस्वल शिरलंच तर त्याची बाहेर जायची वाट अडवू नका, तुम्ही दुसरीकडून निघा आणि मदतीसाठी फोन करा. बाहेर समोर आलं तर पळू नका. हात वर करा, मोठ्याने ओरडा, त्याला निघून जायला जागा द्या.

परत निघताना शेगडीतली राख कचऱ्यात टाकू नका. निखारे त्यात कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून तो डबा घरापासून आणि लाकडांपासून लांब ठेवा.