विमान कंपन्यांचे पॉइंट कसे जमवावेत आणि त्यांवरच्या सवलती कशा पारखाव्यात

विमान प्रवासाचे पॉइंट, म्हणजे कंपनी प्रवाशाला देते आणि ज्यांच्या बदल्यात पुढे तिकीट काढता येते ते गुण, जमवू लागलेला माणूस बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. तो आधी एखाद्या कंपनीच्या योजनेचा सभासद होतो, मिळतील तिथून पॉइंट गोळा करतो आणि दोन-तीन वर्षांनी खात्यात मोठा आकडा दिसू लागला की त्याचे काय करता येईल याची चौकशी करतो. तेव्हा त्याच्या लक्षात येते की आपल्याला जिथे जायचे आहे तिथे ही कंपनी जातच नाही, किंवा जात असली तरी पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा नको त्या तारखांनाच शिल्लक आहेत. हा क्रम उलटा करावा, म्हणजे पॉइंट कुठे खर्च करायचे हे आधी ठरवावे आणि मग त्या दृष्टीने ते कमवायला लागावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा आग्रह का, हे पॉइंटांचे मूळ पाहिले की कळते. अमेरिकेत 1978 साली देशांतर्गत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला, कंपन्यांमध्ये भाड्यांची चढाओढ सुरू झाली, आणि नेहमीचा प्रवासी थोड्याशा फरकासाठी दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी ‘एअॅडव्हान्टेज’ ही योजना आणली. युनायटेडची योजना त्याच महिन्यात आली आणि पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. या योजनांत मिळणाऱ्या गुणांना कोणी माइल म्हणते, कोणी पॉइंट, वस्तू एकच. आज या कंपन्या आपले पॉइंट बँकांना आणि हॉटेलांना विकतात आणि त्यातून मोठी कमाई करतात. थोडक्यात, हे एक चलन आहे, पण ते छापणारी आणि त्याचा भाव ठरवणारी कंपनी एकच आहे. एखाद्या तिकिटाला किती पॉइंट लागतील याचे ठरावीक तक्ते पूर्वी प्रसिद्ध होत असत. डेल्टाने 2015 मध्ये आणि युनायटेडने 2019 मध्ये ते काढून टाकले आणि मागणीप्रमाणे बदलणारे दर लावले. अशा चलनाचा वर्षानुवर्षे साठा करून ठेवणे म्हणजे त्याचा भाव उतरताना पाहत बसणे होय.

कोणती योजना निवडावी

येत्या वर्ष-दीड वर्षात खरोखर करायचा आहे असा एखादा प्रवास डोळ्यांसमोर ठेवावा आणि त्या मार्गावर कोणत्या कंपन्या उडतात ते पाहावे. त्यानंतर या कंपन्या कोणत्या गटात आहेत ते पाहावे. 1997 साली स्थापन झालेला स्टार अलायन्स, 1999 चा वनवर्ल्ड आणि 2000 चा स्कायटीम हे तीन मोठे गट असून त्यांतील कंपन्या एकमेकींच्या सभासदांना पॉइंट देतात आणि एकमेकींच्या विमानांतल्या जागा पॉइंटांवर उपलब्ध करून देतात. या गटांत नसलेल्या एमिरेट्ससारख्या कंपन्यांचेही इतरांशी स्वतंत्र करार असतात. त्यामुळे ज्या कंपनीच्या विमानात बसायचे तिच्याच योजनेचे सभासद असले पाहिजे असे मुळीच नाही, आणि नवख्या प्रवाशाच्या ध्यानात सर्वांत उशिरा येणारी गोष्ट बहुधा हीच असते. लुफ्तान्साने प्रवास करून त्याचे पॉइंट एअर कॅनडाच्या ‘एरोप्लॅन’ खात्यात जमा करता येतात, आणि एरोप्लॅनच्या पॉइंटांवर लुफ्तान्साचे तिकीटही काढता येते.

याचा उपयोग असा की एकाच विमानातल्या एकाच प्रकारच्या जागेला निरनिराळ्या योजनांमध्ये निरनिराळे पॉइंट लागतात आणि वर रोखीने भरायची रक्कमही वेगळी असते. काही योजना तिकिटावर सरकारी करांखेरीज इंधन अधिभारासारखी रक्कम लावतात, काही लावत नाहीत, आणि लांबच्या उड्डाणावर हा फरक फार मोठा असू शकतो. ब्रिटिश एअरवेज, इबेरिया, कतार एअरवेज आणि फिनएअर या कंपन्यांचे ‘एव्हिऑस’ हे चलन सामाईक आहे आणि ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात एकास एक या प्रमाणात हलवता येते. म्हणून एव्हिऑस जवळ असतील तर तेच तिकीट या निरनिराळ्या खात्यांतून काय भावाने पडते हे पाहिल्याशिवाय काढू नये.

खाती मोजकीच ठेवावीत. प्रत्येक गटातली एक योजना पुरेशी होते आणि त्यांतही मुख्य भर एकीवरच असावा, कारण पाच ठिकाणी विखुरलेल्या थोड्या-थोड्या पॉइंटांतून एकही तिकीट निघत नाही. घरातल्या माणसांचे पॉइंट एकत्र करू देणाऱ्या योजनाही आहेत आणि कुटुंबासाठी त्यांचा विचार आधी करावा. खाते उघडताना नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे. तिकिटावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळले नाही तर पॉइंट जमा होत नाहीत.

तिकीट काढण्यापूर्वी मिळणारे पॉइंट मोजावेत

पॉइंट मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत भाड्याच्या रकमेवर पॉइंट मिळतात. फ्लाइंग ब्लू ही एअर फ्रान्स आणि केएलएमची योजना 2018 मध्ये आणि ब्रिटिश एअरवेज 2023 मध्ये आपापल्या उड्डाणांसाठी या पद्धतीकडे वळली. दुसरीत अंतरावर मिळतात, आणि सहयोगी कंपनीच्या विमानाने प्रवास केल्यास अजूनही बऱ्याचदा हीच पद्धत लागू होते. तिच्यात बुकिंग क्लासचे, म्हणजे तिकिटाच्या भाड्याचा प्रकार दाखवणारे, अक्षर निर्णायक ठरते. इकॉनॉमीच्या एकाच रांगेत शेजारी बसलेल्या तीन प्रवाशांच्या तिकिटांवर वेगवेगळी अक्षरे असू शकतात, आणि 4,000 मैलांच्या त्याच उड्डाणाचे एकाला शंभर टक्क्यांप्रमाणे 4,000 माइल, दुसऱ्याला पंचवीस टक्क्यांप्रमाणे 1,000 माइल, तर सर्वांत स्वस्त तिकीट घेतलेल्या तिसऱ्याला काहीच नाही, असे होऊ शकते. हे अक्षर पैसे भरण्यापूर्वी भाड्याच्या तपशिलात बहुधा दिसते; ते टिपून घ्यावे आणि ज्या योजनेत पॉइंट जमा करायचे आहेत तिच्या वेबसाइटवर त्या सहयोगी कंपनीच्या पानावरचा तक्ता उघडून टक्केवारी पाहावी. दोन मिनिटांचे हे काम आहे आणि एकाच उड्डाणाचे पॉइंट दोन योजनांत घेता येत नसल्यामुळे कोणत्या खात्यात ते जास्त पडतील हेही त्यातून कळते.

तिकीट एका कंपनीने विकलेले आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल तर कोणाचा नियम लागू होतो हेही त्याच पानावर पाहावे. सहलीच्या पॅकेजमध्ये मिळालेल्या तिकिटांवर अनेकदा पॉइंट मिळत नाहीत. मात्र केवळ पॉइंट अधिक मिळतात म्हणून महाग तिकीट घेण्याआधी, त्या जादा पॉइंटांची किंमत भाड्यातल्या फरकाहून खरोखर जास्त आहे का, हे हिशेब करून पाहावे. बहुतेक वेळा ती नसते.

विमानात न बसता मिळणारे पॉइंट

क्रेडिट कार्डावर, विशेषतः नवे कार्ड घेताना मिळणाऱ्या बोनसमधून, उड्डाणांपेक्षा कितीतरी जास्त पॉइंट जमतात. पण दर महिन्याचे बिल वेळेवर आणि पूर्ण भरणे शक्य असेल तरच या वाटेने जावे, कारण एका महिन्याचे व्याजदेखील अनेक महिन्यांचे पॉइंट गिळून टाकते. कार्ड निवडताना एकाच विमान कंपनीचे पॉइंट देणाऱ्या कार्डापेक्षा, जिचे पॉइंट अनेक कंपन्यांकडे वळवता येतात अशा बँकेचे कार्ड मला अधिक पसंत आहे. एका कंपनीने दर वाढवले तर पॉइंट दुसरीकडे नेता येतात. हॉटेलांचे पॉइंटही विमान कंपन्यांकडे वळतात, पण त्यात सहसा तोटा असतो. मॅरियट बॉनवॉयचे तीन पॉइंट दिले की बहुतेक कंपन्यांचा एक माइल मिळतो आणि एकदम 60,000 वळवले तर 5,000 माइल वर मिळून एकूण 25,000 होतात. ऑनलाइन खरेदी विमान कंपनीच्या पोर्टलमार्गे केल्यासही पॉइंट मिळतात. वस्तूची किंमत इतरत्र कमी नाही ना, एवढे आधी पाहावे.

सवलत खरी आहे की नाही, हे कसे ओळखावे

कोणत्याही सवलतीची परीक्षा एका भागाकाराने होते. तिकिटाच्या रोख भाड्यातून पॉइंटांच्या तिकिटावर भराव्या लागणाऱ्या कर-अधिभाराची रक्कम वजा करावी आणि जे उरेल त्याला लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे. रोख भाडे 480 डॉलर असेल, पॉइंटांच्या तिकिटाला 30,000 पॉइंट आणि वर 120 डॉलर लागत असतील, तर उरलेले 360 डॉलर भागिले 30,000, म्हणजे एका पॉइंटमागे 1.2 सेंट पडतात. दुसऱ्या एका तिकिटाचे भाडे 200 डॉलर असून त्याला 20,000 पॉइंट आणि 60 डॉलर लागत असतील तर पॉइंटमागे फक्त 0.7 सेंट सुटतात. हे तिकीट रोखीने घ्यावे आणि पॉइंट पहिल्यासाठी राखावेत. रोखीच्या तिकिटावर नवे पॉइंटही मिळतात, हा फायदाही जमेस धरावा. बिझनेस क्लासच्या बाबतीत मात्र हा हिशेब फसवा ठरू शकतो. जे भाडे आपण खिशातून कधीच दिले नसते ते वर मांडले की पॉइंटाची किंमत अवाच्या सवा दिसते. तिथे आपण जास्तीत जास्त किती रक्कम दिली असती तीच वर मांडावी.

हा भागाकार हाताशी असला की सवलतींच्या जाहिराती वाचणे सोपे जाते. सर्वांत उपयोगाची सवलत म्हणजे तिकिटाला लागणारे पॉइंटच कमी होणे. फ्लाइंग ब्लूमध्ये दर महिन्याला ठरावीक मार्गांवर ‘प्रोमो रिवॉर्ड्स’ येतात, तर सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत ‘स्पॉन्टेनियस एस्केप्स’ या नावाने निवडक मार्गांची तिकिटे बहुधा तीस टक्के कमी माइलांत मिळतात. ज्यांच्या तारखा लवचीक आहेत त्यांनी या याद्या महिन्यातून एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी. अशा सवलतीच्या तिकिटांचे रद्द करण्याचे आणि बदलाचे नियम कडक असतात. स्पॉन्टेनियस एस्केप्सचे तिकीट बदलता येत नाही आणि माइल परत मिळत नाहीत, म्हणून रजा मंजूर झाल्यावरच ते काढावे.

दुसरा प्रकार पॉइंट वळवताना मिळणाऱ्या बोनसचा आहे. बँका अधूनमधून एखाद्या विमान कंपनीकडे पॉइंट वळवल्यास काही टक्के जास्त देतात आणि योग्य वेळ साधली तर लांबच्या प्रवासात मोठी बचत होते. तिसरा प्रकार पॉइंट विकत घेण्याचा. शंभर टक्के बोनसची जाहिरात पाहून मोह होतो, परंतु बोनस धरून एक पॉइंट कितीला पडतो हे काढावे आणि समोर तयार असलेल्या तिकिटावर तो याहून जास्त किंमत देत असेल तरच तेवढेच पॉइंट घ्यावेत. पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून विकत घेतलेले पॉइंट हे या चलनातले सर्वांत वाईट सौदे ठरतात. आणखी एक गोष्ट अनेकांकडून निसटते: दुप्पट माइलांसारख्या ऑफरसाठी बहुधा आधी नोंदणी करावी लागते, आणि प्रवास झाल्यावर केलेली नोंदणी सहसा ग्राह्य धरली जात नाही.

जागा शोधणे आणि पॉइंट वळवणे

पॉइंटांवरच्या जागा साधारणपणे प्रवासाच्या अकरा-बारा महिने आधी खुल्या होऊ लागतात आणि न विकलेल्या जागांपैकी काही अगदी शेवटच्या आठवड्यांत पुन्हा दिसतात. सुट्ट्यांच्या काळात जायचे असेल तर पहिल्या संधीवर भिस्त ठेवावी. स्टार अलायन्समधल्या सहयोगी कंपन्यांच्या जागा शोधायला एरोप्लॅन किंवा युनायटेडची वेबसाइट सोयीची आहे. मात्र एका वेबसाइटवर दिसलेली जागा प्रत्यक्षात नसते असेही घडते, म्हणून ज्या योजनेतून तिकीट काढायचे आहे तिच्या वेबसाइटवर प्रवाशांची नावे भरून थेट पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जाऊन ती जागा आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच पॉइंट वळवावेत.

ही खात्री न करता मी एकदा बँकेचे सगळे पॉइंट एका विमान कंपनीकडे पाठवले. ते खात्यात पोहोचायला दोन दिवस लागले, तोवर त्या तारखेच्या जागा संपल्या होत्या, आणि एकदा वळवलेले पॉइंट बँकेकडे परत जात नाहीत. काही जोड्यांमध्ये पॉइंट तत्काळ पोहोचतात, काहींमध्ये दिवस लागतात. हा अवधी आधी माहीत करून घ्यावा आणि काही योजना फोनवर थोडा काळ जागा राखून ठेवतात का, हेही विचारावे.

मुदतीची नोंद कॅलेंडरमध्ये करून ठेवावी. डेल्टा आणि युनायटेडच्या माइलांना मुदत नाही, एव्हिऑस खात्यात 36 महिने काहीच हालचाल झाली नाही तर जातात, आणि क्रिसफ्लायरचे माइल मिळाल्यापासून साधारण तीन वर्षांनी जातातच, मधे कितीही प्रवास केला तरी. हालचालीवर मुदत वाढणाऱ्या योजनांत एखादी लहानशी खरेदीही पुरते.

प्रवास झाल्यावर बोर्डिंग पास लगेच फेकू नये. पॉइंट खात्यात दिसेपर्यंत तो आणि तिकिटाची पावती जपावी, कारण ते आले नाहीत तर याच दोन कागदांच्या आधारे मागणी करता येते आणि ती करण्याची मुदत अनेक योजनांत काही महिन्यांचीच असते. त्या पासचे छायाचित्र कुठेही टाकू नये. त्यावरच्या बारकोडमध्ये बुकिंगचा क्रमांक आणि अनेकदा सभासद क्रमांकही असतो. पॉइंटांवर काढलेले तिकीट हातात असले तरी प्रवासाच्या दिवसापर्यंत त्याच मार्गाचा दर अधूनमधून पाहत राहावा, कारण रद्द करण्याचे शुल्क कमी असलेल्या योजनेत तो उतरल्यास जुने तिकीट रद्द करून नवे काढता येते आणि फरकाचे पॉइंट खात्यात परत येतात. नवी जागा पक्की उपलब्ध आहे हे पाहूनच मात्र जुने रद्द करावे.