शेअर केलेलं फोल्डर उघडतंय, मग सॉफ्टवेअर इन्स्टॉल का होत नाही?

वडोदऱ्यात माकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटी सपोर्टला लागलो तेव्हा माझं भांडवल म्हणजे नेटवर्किंगचा एक कोर्स आणि स्कूटर. आमच्या हालोलच्या प्लांटवर कुणाचा प्रिंटर अडला की दांडिया बाजारातून निघायचं, चाळीसेक किलोमीटर जायचं, सैल झालेली केबल खोचायची आणि परत यायचं. त्यामुळे सगळ्या पीसींवर रिमोट सपोर्टचं, म्हणजे जागेवर बसून दुसऱ्याचा पीसी चालवायचं, सॉफ्टवेअर टाकायचं काम अंगावर आलं, तेव्हा मी मनातल्या मनात स्कूटर विकूनही टाकली होती.

सॉफ्टवेअर कोणतं, या भांडणात मी पडत नाही. फक्त घरगुती वापरासाठीची फुकट आवृत्ती ऑफिसात चालवू नका. ऐन कामात ती बंद पडते आणि मालकासमोर तुम्ही उभे असता. डबल-क्लिक करून चालणारी पोर्टेबल फाइलही कायमची सोय नव्हे. विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागतं ती खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते. समोरच्याला ती दिसते, तुमच्याकडे मात्र पडदा काळा किंवा गोठलेला. सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्याआड सतत चालू राहील असं, इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर तिथवर पोचतं. एवढ्यासाठी सगळीकडे यूएसीच, म्हणजे ही परवानगी विचारायची सोयच, बंद करून टाकणारे महाभाग आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

आता माझा खड्डा. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या पीसींना एकदम सेटिंग लावायच्या विंडोजच्या सोयीतून, एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल) पाठवायचं ठरलं. तिच्या कंप्युटर कॉन्फिगरेशन या भागात ते पॅकेज असाइन केलं, म्हणजे पीसींना नेमून दिलं, सर्व्हरवर फोल्डर शेअर केलं, डोमेन युजर्सना, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन असलेल्या सगळ्यांना, वाचायची परवानगी दिली. सकाळी अकाउंट्समधल्या बेनना फोन केला. उत्तर आलं, "भाई, कंई नथी आव्युं." त्यांच्या टेबलाशी जाऊन, त्यांच्याच लॉगिननं शेअर उघडला. उघडला. फाइल दिसतेय. माझ्या लॉगिननंही दिसतेय. इव्हेंट लॉग (विंडोजची नोंदवही) मात्र एरर 1612 दाखवत होता, म्हणजे इन्स्टॉलेशनची मूळ फाइलच सापडत नाही! तीन रात्री मी अँटिव्हायरस, फायरवॉल, डीएनएस, सगळं उसवून परत शिवलं. त्या तीन रात्रींची आठवण झाली की अजून मान दुखते.

गोम अशी, की कंप्युटरला असाइन केलेलं सॉफ्टवेअर पीसी सुरू होताना, कुणीही लॉगिन करण्याआधी बसतं. त्या वेळी बेन नसतात, मी नसतो. सर्व्हरच्या दाराशी उभा असतो तो पीसी, स्वतःच्या खात्यानं. डोमेनमध्ये प्रत्येक पीसीचं स्वतंत्र खातं असतं आणि ते डोमेन कंप्युटर्स या गटात येतं, डोमेन युजर्समध्ये नाही. म्हणजे मी सगळ्या माणसांना आत सोडलं होतं आणि ज्याला यायचं होतं त्यालाच बाहेर ठेवलं होतं. डोमेन कंप्युटर्सना वाचायची परवानगी द्या, आणि ती दोन्ही ठिकाणी द्या: शेअरवर आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये. एक दिली आणि दुसरी राहिली तरी दार बंदच. पॅकेजचा मार्ग झेड ड्राइव्ह असा देऊ नका, सर्व्हरच्या नावानं सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या, कारण झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनची आहे, पीसीला ती ठाऊकच नाही. आणि तपासताना आपल्या लॉगिननं तपासू नका. मायक्रोसॉफ्टच्या पीएसएक्झेक या छोट्या टूलनं त्याच पीसीवर सिस्टिम खात्याचा (नेटवर्कवर तेच पीसीचं खातं म्हणून जातं) कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तिथून फोल्डरची यादी मागा. मला नकार आला तो तिथं, चौथ्या दिवशी, आणि दहा मिनिटांत काम झालं.

त्याआधी आमच्या सीनियरनी सुचवलेला तोडगा होता, "एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाक." चालला असता, खोटं कशाला बोलू. पण मग कुठलाही ट्रेनी ती एमएसआय बदलून ठेवू शकतो आणि दुसऱ्या दिवशी ती अजून न बसलेल्या प्रत्येक पीसीवर सर्वोच्च अधिकारानं चालते. हाताखालच्याला असले तोडगे देणारा गुरू असण्यापेक्षा गुरू नसलेला बरा, असं माझं मत झालंय. मात्र त्यांचंच दुसरं वाक्य, "रिस्टार्ट मारून बघ", ज्याला मी मनात हसायचो, ते खरं निघालं. विंडोज 10 मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर संध्याकाळचं शटडाउन पूर्ण नसतं, कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, हायबरनेशन फाइलमध्ये जाऊन झोपतो. सकाळच्या बटणाला स्टार्टअप म्हणता येत नाही, म्हणून पॅकेजही बसत नाही. रिस्टार्टनं बसतं. तेव्हा दोन दिवस काही झालं नाही म्हणून घाबरू नका, तुमचं कदाचित सगळं बरोबर असेल.

सॉफ्टवेअर बसलं, तर लोक बिथरले. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क हे असंच रिमोट सॉफ्टवेअर वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातानं सरकणारा माउस दिसला की माणूस आधी खात्यातले पैसे बघतो. त्यांचं चुकत नाही. आधी फोन करायचा, मग जोडायचं, आणि समोरच्यानं 'स्वीकारा' दाबल्याशिवाय आत जायचं नाही. विनाविचारणा प्रवेश फक्त सर्व्हरला आणि गेटवरच्या वजनकाट्याच्या पीसीला, तोही वेगवेगळ्या पासवर्डनं आणि टू-फॅक्टर लावून. सेशनचे लॉग जपा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत 180 दिवस सांगितलेत.

एवढं शिकूनही पुन्हा तिथंच ठेचकाळलो. नवे आठ पीसी आले. एकावर सगळं बसवून त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, बाकीच्यांवर ओतली, रिमोट सॉफ्टवेअरसकट. काही सॉफ्टवेअर आपला ओळख क्रमांक डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवतात, म्हणजे आठ पीसी, ओळख एकच. मी स्टोअर्सचा पीसी समजून जोडलो, "दाबा स्वीकारा" म्हणालो, स्वीकारलंही कुणीतरी, आणि मी अडकलेलं एक्सेल टास्क मॅनेजरमधून बंद केलं. ते डिस्पॅचचं होतं, सकाळपासूनची चलनं त्यात होती. इमेज काढायच्या आधी हे सॉफ्टवेअर त्यात नकोच, ते मागाहून पॉलिसीनं जाऊ द्या. डिस्पॅचचे काका पुढे आठवडाभर माझा फोन उचलत नव्हते, हालोलला स्कूटरनंच जावं लागलं.