ऑनलाइन तासात लहान मुलं मध्येच उठून जातात: मला लागू पडलेला उपाय

वयोगट ५ ते ७, झूमवरचा ३० मिनिटांचा तास. लक्षण असं: मूल थोडा वेळ नीट बसतं, मग स्वतःच्याच व्हिडिओकडे बघत तोंडं वेंगाडतं आणि शेवटी खुर्ची रिकामी. रंगीत स्लाइड, बक्षिसाचे स्टार, सगळ्यांना म्यूट करणं, कशाचाच उपयोग होईना. अगदी हताश व्हायला झालं.

आधी पालकांकडून मुलाच्या चौकटीवरच्या तीन ठिपक्यांत ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ निवडून घेतलं. शिक्षकाला मूल दिसत राहतं, पण मुलाला स्वतःचा चेहरा दिसत नाही.

मग प्रत्येकाच्या हाताशी पाटी, खडू आणि ओलं फडकं. खरा फरक इथे पडला. प्रश्न विचारायचा, ५ सेकंद थांबायचं, सगळ्यांनी उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरायची आणि ‘दाखवा’ म्हटल्यावरच कॅमेऱ्यासमोर आणायची. प्रश्नाआधी एकाचं नाव घेतलं की बाकीचे तिथेच सुटतात.

दर ५ मिनिटांनी कृती बदलायची: ऐकणं, लिहिणं, उठून गोल वस्तू शोधून आणणं. उठवण्याआधीच परतीची खूण सांगून ठेवायची, म्हणजे १० पासून उलटे अंक. ती विसरली तर निम्मी मुलं खेळण्यांतच अडकतात.