लिनक्सवर गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी या चुका टाळा

मामाचा पोरगा नांदेडला इंजिनिअरिंग करायला आहे. मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे आले तसं मामानं त्याला कार्डासाठी पैसे दिले, त्यानं एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी घेतलं, लिनक्स मिंट टाकलं आणि रात्री साडेअकराला मला फोन, दादा गेम चालंना, डेस्कटॉप पण १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना, दुकानवाला म्हणायलाय कार्ड चांगलंय तुझं लिनक्सच खराब आहे. आवाज रडवेला झालता. एवढे पैसे घरातून एकदाच निघतात हे त्याला पण माहीत आहे ना.

दुसऱ्या दिवशी मी परभणीहून सकाळच्या रेल्वेनं गेलो. कार्ड चांगलं होतं, लिनक्स पण चांगलं होतं, फक्त दोघांची ओळख नव्हती. पेनड्राइव्ह होती २०२४ सालच्या मिंट २२ ची, त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा, हार्डवेअर तोच ओळखतो) ६.८, आणि कार्ड बाजारात आलंय जून २०२५ मधी. जे कार्ड त्या कर्नलच्या जन्माच्या वेळी नव्हतंच ते त्याला कसं ओळखू येणार? सिस्टीम इन्फोमधी ग्राफिक्सच्या जागी एलएलव्हीएमपाइप दिसत होतं, म्हणजे कार्ड बाजूला बसलेलं आणि सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढायलाय. मोबाईलचं नेट यूएसबी टेदरिंगनं जोडलं, अपडेट मॅनेजरमधून कर्नल ६.१४ घेतला, मेसा (ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) आणि लिनक्स-फर्मवेअर (कार्ड चालू व्हायला लागणाऱ्या फायली) हे दोन पॅकेज अपडेट केले, रिस्टार्ट. लगेच रिझोल्यूशन नीट झालं, गेम उघडली.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, विंडोजवाले कार्ड बघतात फ्रेमरेटवरून, आपण लिनक्सवाल्यांनी आधी बघायचं की या कार्डाचा ड्रायव्हर आपल्या सिस्टीममधी आहे का आणि पुढं किती वर्षं राहणार आहे. बाकीचं त्यानंतर. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीकडं दुर्लक्ष केल्यानं होतात.

कार्ड लै नवं, सिस्टीम जुनी

एएमडीचा ड्रायव्हर वेगळा डाऊनलोड करावा लागत नाही, तो तीन तुकड्यांत सिस्टीमसोबतच येतो, कर्नलमधी एएमडीजीपीयू, वर मेसा, आणि फर्मवेअरच्या फायली. तिन्ही पुरेसे नवे पाहिजेत, एक जरी जुना राहिला तरी अडतं. आरएक्स ९०७० आणि ९०६० ला कर्नल ६.१४ च्या आसपास आणि मेसा २५ धरून चाला. डेबियन १२ या डिस्ट्रोमधी (डिस्ट्रो म्हणजे मिंटसारखा लिनक्सचा एक तयार प्रकार) कर्नल ६.१ आहे, त्यावर हे कार्ड लावून बसू नका, फेडोरासारखं नवं राहणारं काहीतरी घ्या. आरएक्स ६६०० सारखं २०२१ चं कार्ड मात्र आजच्या कुठल्याही डिस्ट्रोवर लावलं की चालतं, म्हणून पहिल्यांदा लिनक्सवर येणाऱ्याला मी अजून तेच सुचवतो, १३२ वॅट, ८ जीबी, १०८०पी ला भरपूर आहे.

आणि विंडोजची सवय म्हणून एएमडीच्या साईटवरून ड्रायव्हर उतरवून टाकू नका. ते पॅकेज प्रोफेशनल सॉफ्टवेअरच्या कामासाठी आहे, गेमला मेसामधला आरएडीव्ही ड्रायव्हरच पाहिजे. वरून काहीतरी टाकून चांगली चालणारी सिस्टीम बिघडवलेली पोरं मी पाहिलीत.

स्वस्तात मिळालं म्हणून जुनं एनव्हिडिया

ही चूक आपल्याकडं सगळ्यात जास्त होते. तालुक्याच्या दुकानात "२ जीबी ग्राफिक्स कार्ड" मागितलं की अजून जीटी ७१० नाहीतर जीटी ७३० समोर ठेवतात, डब्यात पॅक, नवंकोरं. डबा नवा असला तरी आतली चिप बहुतेक वेळा जुन्या केप्लर पिढीची, तिला चालणारी शेवटची ड्रायव्हर शाखा (आवृत्त्यांची मालिका) ४७०, आणि तिथं व्हल्कन (गेमनं कार्डाशी बोलायची भाषा) १.२ वर गाडी थांबते. स्टीमवरच्या विंडोज गेम प्रोटॉनमधून चालतात, प्रोटॉनच्या आत डीएक्सव्हीके (विंडोजचं डायरेक्टएक्स व्हल्कनमधी बदलणारं) असतं, आणि डीएक्सव्हीकेला २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. म्हणजे या कार्डावर नव्या प्रोटॉनमधी गेम उघडणारच नाही, तुम्ही रात्रभर सेटिंग बदलत बसलात तरी. प्लीज हे कार्ड गेमिंगसाठी घेऊ नका.

जीटीएक्स १०६०, १०५० टीआय, ९७० हे कार्ड दमदार होते आणि सेकंडहँड भरपूर मिळतात, पण मॅक्सवेल आणि पास्कल पिढीला सांभाळणारी शेवटची शाखा ५८० आहे, ५९० मधून ते काढलेत. डिसेंबर २०२५ मधी आर्च या डिस्ट्रोनं एनव्हिडियाचं पॅकेज ५९० वर नेलं तेव्हा या कार्डवाल्यांना अपडेट करून रिस्टार्ट केल्यावर ग्राफिकल स्क्रीनच येईना. कार्ड आधीच घरात असेल तर फेकू नका, ५८० च्या शाखेवर राहा, मिंट-उबंटूच्या ड्रायव्हर मॅनेजरमधी ५८० निवडा, आर्चवर एयूआरमधून (वापरणाऱ्यांनीच बनवलेल्या पॅकेजचा साठा) ५८०एक्सएक्स घ्या. नुव्हो या ओपन ड्रायव्हरवर जाऊन बघतो म्हणाल तर वरच्या कार्डांचा क्लॉक तो वाढवू शकत नाही, कार्ड बूट झालेल्या मंद गतीतच अडकून राहतं. पण आज नव्यानं पैसे घालायचे असतील तर ट्यूरिंगच्या खाली जाऊ नका, म्हणजे जीटीएक्स १६ सिरीज नाहीतर आरटीएक्स २० सिरीज आणि पुढं. ट्यूरिंगपासून पुढच्या कार्डांना एनव्हिडियाचे ओपन कर्नल मॉड्यूल चालतात (ते २०२२ मधी आले), आरटीएक्स ५० सिरीजला तर तेच लागतात, जुनं बंद मॉड्यूल टाकलं तर कार्ड उठतच नाही.

एनव्हिडिया घेऊच नका असं मी म्हणत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला क्युडा (एनव्हिडिया कार्डावर हिशोब चालवायची सोय) लागत असेल तर तेच घ्या. वेलँडवर (डेस्कटॉप स्क्रीनवर दाखवायची नवी पद्धत) स्क्रीन फडफडायची ती तक्रार पण ५५५ पासून एक्स्प्लिसिट सिंक आल्यावर बरीच मिटली. ड्रायव्हर टाकूनही रिस्टार्टनंतर कार्ड सापडत नसेल तर पहिला संशय सिक्युअर बूटवर घ्या, सही नसलेलं मॉड्यूल तो आत घेत नाही, एकतर इन्स्टॉलच्या वेळी मागितलेली एमओके की (मॉड्यूलच्या सहीची चावी) रिस्टार्टला नीट एनरोल करा नाहीतर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा.

ऑफिसातून निघालेल्या पीसीत मोठं कार्ड

चौथ्या-सहाव्या जनरेशनचा आय५, कंपनीतून निघालेला बारका डबा, आपल्याकडं अर्ध्या पोरांचा पहिला पीसी हाच असतो. त्यातला एसएमपीएस कंपनीच्या वेगळ्याच मापाचा असतो, ८ पिनची वायरच नसते, कॅबिनेट इतकं पातळ की पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. त्यात फक्त स्लॉटवर चालणारं, म्हणजे ७५ वॅटच्या आतलं आणि लो प्रोफाइलच घ्या, जीटीएक्स १६५० चं तसलं मॉडेल त्यात बसतं. आरएक्स ६४०० पण बसतं, ५३ वॅटच घेतं, पण त्याला बोर्डाशी डेटा न्यायला फक्त ४ लेन आहेत आणि जुन्या पीसीआयई ३ च्या बोर्डावर ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळते, शिवाय रेकॉर्डिंगसाठी हार्डवेअर एन्कोडर नाही. आरएक्स ६५०० एक्सटीचं पण हेच दुखणं, आणि त्याला वरून पॉवरची वायर पण लागते. इंटेल आर्क या डब्यात अजिबात नको, रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डावर त्याचा जीव निघतो, आणि या जुन्या बोर्डांवर तो बहुतेक नसतोच.

असेंबल पीसी असेल तर कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर विश्वास ठेवू नका. त्यावर ४५० वॅट छापलंय म्हणून तो ४५० देतो असं नाही, आणि आपल्याकडं लाईट दिवसातून किती वेळा डुलते हे तुम्हाला सांगायला नको. गेम ऐन रंगात आली की पीसी रिस्टार्ट होत असेल तर ड्रायव्हर उगाच बदलत बसू नका, आधी ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस लावून बघा.

उन्हाळ्याचं पण सांगतो. एप्रिल-मेमधी इकडं बाहेर ४३-४४ डिग्री असतं, पत्र्याच्या खोलीत कार्ड ८५ च्या खाली येईना. लॅक्ट नावाचं ॲप टाका, त्यातून पॉवर लिमिट १५-२० वॅटनं उतरवा, मॅंगोहडनं गेम ६० फ्रेमवर बांधा, फरक लगेच कळतो. कापसाच्या दिवसांत फॅनमधी जे तंतू अडकतात ते पण ब्रशनं काढा.

गेम कोणती, हे विचारलंच नाही

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायचं. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, फोर्टनाइट नाही, एपेक्सनं ऑक्टोबर २०२४ पासून लिनक्स बंद केलं, जीटीए ऑनलाईन सप्टेंबर २०२४ मधी बॅटलआय हे अँटीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) आल्यापासून बंद आहे, स्टोरी मोड चालतो. यात कार्डाचा काही संबंध नाही, अँटीचीट अडवतं, लाखाचं कार्ड लावलं तरी तेच. मित्रांसोबत रोज व्हॅलोरंटच खेळणार असाल तर विंडोज ठेवा, मी मनापासून सांगतो, नाहीतर कार्डाला शिव्या देत बसाल. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठी पण बनवलेल्याच आहेत. बाकी सिंगल प्लेअर गेम प्रोटॉनडीबी या साईटवर शोधा, आणि तिथं तुमच्याच कार्डवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचा.

कार्ड बरोबर असून गेम हळू चालायली तर तीन गोष्टी बघा. मॉनिटरची केबल कार्डाला आहे का मदरबोर्डला, हे खरंच बघा, लाजू नका. टर्मिनलमधी एलएसपीसीआय -के (lspci -k) टाइप करा आणि कार्डाच्या नावाखाली ड्रायव्हर कोणता वापरात आहे ते वाचा, एएमडीजीपीयू किंवा एनव्हिडिया पाहिजे. आणि गेम विंडोजच्या जुन्या एनटीएफएस ड्राइव्हवर असतील तर लिनक्सच्या एक्सटी४ ड्राइव्हवर हलवा, गेम उघडत नसायचं कारण कैकदा तेच निघतं.

सेकंडहँड घ्यायला संभाजीनगर, पुण्याला जाणार असाल तर खिशात ताज्या फेडोराची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) पेनड्राइव्ह घेऊन जा. दुकानातल्याच पीसीवर बूट करायला सांगा, दहा मिनिटं लागतात. एएमडी असेल तर सिस्टीम इन्फोमधी कार्डाचं नाव बरोबर दिसलं पाहिजे, एनव्हिडिया असेल तर लाइव्हमधी स्पीड कळत नाही पण चिपचं नाव तरी कळतं, डब्यावर एक आणि आत दुसरं असेल तर तिथंच उघडं पडतं. दुकानवाला बूट करू देईना झाला तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.